बाबांच्या नावावरचा सीआरपी

लॅबमध्ये सगळे मला 'सीआरपी' म्हणायचे. तोंडावर नाही, माघारी. पण पवनीतली आमची लॅब म्हणजे दोन खोल्या आणि एक मोरी; तिथे माघारी बोलायला जागा कुठली? मला सगळं ऐकू यायचं. बरं, नाव काही खोटं नव्हतं. माझा राग आधी चढतो, कारण मागून सापडतं. आईचं म्हणणं, मी जन्मले तीच भांडत.

खरा सीआरपी म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. अंगात कुठे सूज आली, आतल्या आत दाह सुरू झाला की ते वाढायला लागतं. माणूस वरून धडधाकट दिसत असतो, ताटभर भात खात असतो, आणि रक्त तिकडे बोंब ठोकत असतं. एरवी ही तपासणी आमच्याकडे कधीमधी यायची, सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांची, नाहीतर कुणाचा ताप हटतच नसला तर. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मात्र ट्रे भरभरून ट्यूबा यायला लागल्या. सीआरपी आम्ही पवनीतच करायचो. फेरिटिन, डी-डायमर अशा भारी नावांच्या तपासण्यांचं रक्त भंडाऱ्याला जायचं, औषधांच्या गाडीतून, कारण एसटी बंद होती.

आमचे बहुतेक रिपोर्ट ज्या डॉक्टरांकडे जायचे, ते वयानं मोठे, सावकाश बोलणारे, आणि मला अजिबात न घाबरणारे होते. त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं की ऑक्सिजनचा आकडा आजचं सांगतो, सीआरपी येत्या परवाचं सांगतो. ज्याचा सीआरपी भराभर चढतोय, तो आज हसत असला तरी त्याच्यावर नजर ठेवायची. आणि लगेच तंबीही द्यायचे की हे काही भविष्य नाही, गळू पिकलं तरी सीआरपी चढतो, म्हणून एक आकडा पाहून नाचू नका, माणूसही पहा. ही तंबी ते मला जरा जास्तच द्यायचे.

आमचं गाव अड्याळच्या अलीकडे, जुन्या मालगुजारी तलावाच्या खाली. घरात तिघं: बाबा, आई आणि काका. काका म्हणजे बाबांचा पाठचा भाऊ. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारलं तर म्हणायचा, यंदाची धानाची रोवणी होऊ द्या, मग पाहू. रोवण्या होत गेल्या, पाहायचं राहून गेलं. बाबांनी बोलायचं आणि काकानं करायचं, अशी आमच्या घरातली वाटणी होती आणि दोघंही त्यात खूश होते. मला सायकल शिकवली काकानं. लॅबचं शिकायला नागपूरला गेले तेव्हा पेटी डोक्यावर घेऊन सोडायला आला काका. पास झाल्याचे पेढे मात्र बाबांनी वाटले, आणि भाषणासकट वाटले.

बाबा त्याला 'लहान्या' म्हणायचे. आई भाऊजी म्हणायची, गावातले लहानभाऊ म्हणायचे, मी काका. त्याचं खरं नाव कुठे लागायचंच नाही, आणि याला कारण आमच्याकडची एक जुनी रीत. तलावाच्या पाण्यावर ज्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आहेत, त्या प्रत्येक घरानं तलावाची पाळ दुरुस्त करायला एक माणूस द्यायचा. हाक पडते घरातल्या थोरल्याच्या नावानं. ओ देतो तो, ज्याचे हात त्या दिवशी मोकळे आहेत. भाऊ असो, मुलगा असो, घरी आलेला जावई असो, कुणी हरकत घेत नाही. काम घराचं, नाव थोरल्याचं. आमच्या घरून बाबांच्या नावाला वर्षानुवर्षं काकाच ओ देत आला. पाळीवर तेच, सोसायटीत तेच, धान विकायच्या रांगेत तेच. बाबांचं नाव पुकारलं की काकाचं पाऊल आपसूक उचललं जायचं.

तर त्या उन्हाळ्यात बाबांना कोरोना झाला. गावात तपासणीची गाडी आली होती, त्यात निघाला. ताप होता, खोकला होता, आणि नाकात काडी घातल्याचा अपमान होता. या अपमानाबद्दल ते खोकल्यापेक्षा जास्त बोलायचे. डॉक्टरांनी फोनवर गोळ्या सांगितल्या आणि घरीच वेगळं राहायला सांगितलं. बाबांची खाट ओसरीत गेली, आई स्वयंपाकघरात अडकली, आणि दोघांच्या मधला सगळा कारभार काकाकडे आला. पाणी नेऊन दे, वाफेचं भांडं धर, गोळ्या दे, आणि बाबांचं ऐक. वर उन्हाळी धान कापणीला आलेलं. मी पवनीत भाड्याच्या खोलीत. दिवसभर कोरोनाचंच रक्त हाताळायचं, म्हणून घरी जायची सोय नव्हती. फोनवर भांडून घ्यायचे, तेवढंच समाधान.

ताप उतरायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता एकदा रक्त तपासून घेऊ, हेच दिवस घात करतात. बाबांचं सुईशी लहानपणापासून वाकडं. बैलाला इंजेक्शन द्यायचं असलं तरी ते घराच्या मागे जाऊन उभे राहायचे. मी त्यांना फोनवर बजावून ठेवलं की आमच्या लॅबचा माणूस सकाळी शाळेच्या व्हरांड्यात येणार आहे, तुमचं नाव पुकारेल, गुमान जायचं. बाबा हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणाले की मला आनंदच झाला.

आमचा माणूस गेला. पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पोशाखात, चष्म्यावर वाफ धरलेली, समोर तोंडाला गमछे बांधलेली गावची माणसं. त्यानं यादीतलं नाव पुकारलं, कुणीतरी ओ दिली, हात पुढे आला, त्यानं रक्त काढलं, ट्यूबवर नाव लिहिलं, पुढचा. दुपारी ट्रे माझ्यासमोर आला. बाबांच्या नावाची ट्यूब पाहिली आणि माझ्या बापानं सुई टोचून घेतली म्हणून मला इतका अभिमान वाटला की मी सहकाऱ्याला चहा पाजला.

रक्त फिरवून घेतलं, सीरम वेगळं केलं, मशीनला लावलं. आमच्याकडे सहाच्या आत असला की ठीक. बाबांच्या नावाचा आला एकशे तीसच्या वर.

मी मशीनला शिव्या घातल्या. पुन्हा लावलं. पुन्हा तेवढाच. शेजारच्या ट्यूबा लावून पाहिल्या, त्यांचे आकडे जिथल्या तिथे. दुसऱ्यांचे असे चढलेले आकडे मी रोज छापत होते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटायचं, पण ते वाटणं वेगळं. हा माझ्या बापाचा होता. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजच घेऊन या, एक खाट रिकामी होते आहे, ती मी धरून ठेवतो. त्या दिवसांत खाट धरून ठेवतो म्हणणारा माणूस म्हणजे देवच.

मग घरी फोन. बाबा जेवत होते. लाखोळीचं वरण आणि भात, वर आंब्याचं लोणचं; हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. मी सांगितलं की रक्तात दाह फार वाढलाय, ताबडतोब निघा. बाबा म्हणाले, मला काही होऊन राहिलं नाही, तोंडाला चव आलीय, काल अंगणात फिरलो. मी म्हटलं, तेच तर भ्यायचं कारण आहे. ते म्हणाले, चव येण्यात भ्यायचं कारण काय? असं आमचं बराच वेळ चाललं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी रडायला लागले, आणि मी रागावण्याऐवजी रडते आहे म्हटल्यावर बाबा घाबरले. काकानं फोन हातात घेतला आणि एवढंच म्हणाला की तू चिंता नको करू, मी त्याला बसवून देतो. त्यानं शेजाऱ्याची गाडी आणली, बाबांच्या कपड्यांची पिशवी भरली, उशी दिली, पाण्याची बाटली दिली, आणि गाडी नजरेआड झाली तसा विळा घेऊन बांधीत गेला. हे मला आईनं नंतर सांगितलं.

डॉक्टरांच्या पवनीतल्या दवाखान्याच्या दारात बाबा उतरले ते स्वतःच्या पायांनी, हातात पिशवी, तोंडाला गमछा. खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी चादरीबद्दल तक्रार केली. ऑक्सिजन सत्त्याण्णव. चालायला लावलं, तरी सत्त्याण्णव. छाती मोकळी. डॉक्टर एकदा रिपोर्टकडे पाहायचे, एकदा बाबांकडे. म्हणाले, रक्त पुन्हा घेऊ. घ्यायचं माझ्याकडेच आलं. मी पट्टा बांधला तसा बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मान दुसरीकडे वळवली, डोळे मिटले आणि हे कायले म्हणून विचारलं. मी म्हटलं, परत एकदा पाहायचं आहे.

"परत काहून म्हनतेस?" डोळे मिटूनच बाबा म्हणाले. "मी त पह्यल्यांदाच देऊन राहिलो."

मी सुई ट्रेमध्ये ठेवली. मी विचारलं, शाळेत मग कोण गेलं होतं? बाबांनी डोळे उघडले. त्यांना माझा प्रश्नच कळेना.

"लहान्या गेला ना. घरातून एक मानूस गेला ना."

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. सुईची भीती होती, त्यामुळे काका उठला तेव्हा त्यांना बरंच वाटलं असणार. पण फसवाफसवी कुणाच्याच मनात नव्हती. नाव पुकारलं, घरातून माणूस गेला, ओ दिली, काम झालं. काकालाही तेच वाटलं. रक्त काढायला गेलेल्या सहकाऱ्याला मी नंतर फाडून खाल्लं, तर तो बिचारा म्हणाला, नाव घेतलं, ओ आली, हात आला, अजून काय पाहू? त्याचंही खरं होतं. त्यानंतर आम्ही लॅबमध्ये नाव पुकारणं बंद केलं. समोर बसलेल्याला विचारतो, तुमचं नाव काय? खरं तर शिकताना हेच शिकवतात. पण आमच्या भागात हे शिकवण्यापेक्षा तलावाची सवय जुनी.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की एकशे तीसचं ते रक्त माझ्या काकाचं आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ज्याला काही झालं नव्हतं तो खाटेवर बसून चादरीला नावं ठेवत होता, आणि ज्याच्या आत आग लागली होती तो भर उन्हात धान कापत होता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, ही खाट तशीच ठेवतो, तू जा. सावकाश बोलणारा तो माणूस पहिल्यांदा घाईनं बोलला.

मी बाबांवर ओरडले नाही. राग इतका होता की तो तोंडापर्यंत आलाच नाही. स्कूटीला किक मारली आणि निघाले. काकाला फोन लावत होते, तो लागत नव्हता. काकाचा फोन शेतात असताना झाडाच्या फांदीला पिशवीत टांगलेला असायचा, कारण खिशात ठेवला तर घामानं बिघडतो असं त्याचं मत होतं. पूर्ण रस्ताभर मी देवाला धमक्या देत होते. विनवण्या मला जमत नाहीत.

काका बांधीतच होता. कापलेल्या धानाच्या कडपा ओळीनं पसरलेल्या, आणि तो त्या गोळा करत होता. मला पाहून त्यानं हात वर केला आणि हसला. भाऊ बरा आहे का, हे लांबूनच विचारलं. मी उत्तर न देता त्याचं बोट धरलं आणि ऑक्सिमीटर लावला. सत्त्याऐंशी. मी दुसरं बोट घेतलं, तिसरं घेतलं. काका म्हणाला, तुझं यंत्र शहरी बोटांसाठी केलेलं आहे, माझ्या बोटांना घट्टे पडलेत, त्याला आत दिसत नसेल. मग त्यानं ते माझ्या बोटाला लावून पाहिलं, अठ्ठ्याण्णव आले, आणि आपला मुद्दा सिद्ध झाला म्हणून तो खूश झाला. धाप नाही, कण्हणं नाही. विचारलं तर म्हणाला, अंगात जराशी कणकण आहे, उन्हानं असेल. ओठ मात्र जांभळट झाले होते. ते त्याला दिसणार कसे?

चल म्हटलं, तर नाही म्हणाला. आभाळ भरून येत होतं. अवकाळी आली तर कडपा भिजतील, एवढं गोळा करून, ढीग रचून पुंजणं घातलं की येतो. मी समजावलं, दरडावलं, शेजारच्या बांधीतल्या बायका कामं थांबवून बघायला लागल्या. तो आपला एकेक कडप उचलतोय आणि मला शांत राहायला सांगतोय. माझ्याकडे आता खरं सांगण्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

"काका, तो रिपोर्ट तुहा हाय. बाबाचा नाही. रक्त तू देलं होतं, तुह्याच अंगात आग हाय."

काका वाकलेला होता तो सरळ झाला. हातातली कडप खाली ठेवली.

"मंग भाऊ बरा हाय?"

"भाऊ ठणठणीत हाय. चादरीवरून भांडून राहिला."

काका हसला. मी त्याला इतकं मोकळं हसताना क्वचितच पाहिलं होतं. म्हणाला, मग ठीक आहे, मी उगाच भिऊन राहिलो होतो. आणि विळा शेजारणीकडे देऊन स्कूटीवर येऊन बसला. शेजारणींना ओरडून सांगितलं की आमच्या कडपा बघा, आणि त्या हो म्हणाल्या. रस्ताभर त्याचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं होतं. मी आता रडत होते आणि रागावतही होते, दोन्ही एकदम. मागे बसल्यामुळे त्याला काही दिसत नव्हतं, हे बरं होतं.

दवाखान्यात बाबा खाट सोडून बाजूला उभे होते, चादर स्वतः नीट केलेली. काकाला तिथेच झोपवलं. त्याचीही तपासणी पॉझिटिव्ह आली. ऑक्सिजन लागला, स्टिरॉइड सुरू झालं, रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर मला बाहेर येऊन म्हणाले की हा माणूस स्वतः होऊन आला असता तर धाप लागल्यावरच आला असता, आणि तोवर खाट मिळाली असती की नाही, सांगता येत नाही. म्हणजे बाबांच्या नावानं धरलेल्या खाटेनं काकाला गाठलं होतं. बाबा बाकावर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांना हळूहळू कळत गेलं, आणि जसजसं कळत गेलं तसतसे ते लहान होत गेले. शेवटी त्यांनी माझ्या हाताला धरलं.

"तो मेला असता त माह्या नावावर मेला असता ना, बाई."

बाबांना गाडीत बसवून घरी पाठवलं. त्यांचा स्वतःचा सीआरपी संध्याकाळी मी लावला. जवळजवळ उतरलेला होता.

पुढचे दिवस वाईट गेले, ते लांबवून सांगण्यात अर्थ नाही. भंडाऱ्याहून डी-डायमर आला, चढलेला. फेरिटिन आलं, तेही चढलेलं. सीआरपी मी दिवसाआड स्वतः लावायचे. पहिल्यांदा तो कमी व्हायच्या ऐवजी वर गेला, आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले, कारण लॅबमध्ये दुसरी जागा नव्हती. काका गेला तर आपलं काय होईल, हे मी आधी कधी मनातही आणलं नव्हतं. बापाची काळजी करायला मी शिकले होते. काका म्हणजे असणारच, असं धरलेलं. घरच्या विहिरीची कुणी काळजी करतं का, तसं.

घरी वेगळीच गंमत चालली होती. अवकाळी आली नाही, हुलकावणी देऊन गेली. पण कडपा अजून उघड्यावर होत्या, आणि बाबा, ज्यांना अजून जिन्याच्या दोन पायऱ्या चढवत नव्हत्या, ते बांधीवर जाऊन उभे राहिले आणि शेजाऱ्यांना कसं पुंजणं घालायचं ते सांगायला लागले. शेजाऱ्यांनी ते त्यांच्या पद्धतीनंच घातलं. मग बाबांनी स्वतः एक कडप उचलली आणि घामाघूम होऊन शेताच्या धुऱ्यावर बसले. आई म्हणाली, सूर्य पश्चिमेला उगवला असता तर तिला एवढं नवल वाटलं नसतं. त्या दिवसापासून बाबा मला फोन करून आकडा विचारायला लागले. त्यांना सीआरपी म्हणता येईना. 'लहान्याचा आकडा' म्हणायचे. डी-डायमरला ते 'दुसरा आकडा' म्हणायचे. मी त्यांना सांगितलं की एक आकडा पाहून नाचायचं नसतं, चढतो की उतरतो ते पाहायचं. हे वाक्य बाबांनी गावात स्वतःचं म्हणून खपवलं, असं ऐकलं.

मग एके दिवशी आकडा उतरला. थोडासाच. मी सहकाऱ्याला दाखवला, त्यानं दुसऱ्यांदा लाव म्हटलं, लावला, तेवढाच आला. पुढच्या खेपेला आणखी उतरला, आणि त्यानंतर तर पायऱ्या उतरावं तसा उतरत गेला. भंडाऱ्याचे आकडेही मागोमाग वळले. काकाला भूक लागायला लागली. डॉक्टरांनी ऑक्सिजन कमी करत आणला आणि मला म्हणाले की आता तू नाचलीस तरी माझी हरकत नाही. मी नाचले नाही. लॅबमध्ये येऊन सगळ्यांवर विनाकारण खेकसले, आणि सगळ्यांना कळलं की बातमी चांगली आहे.

बाबांना आकडा सांगायला फोन केला तेव्हा मी काकाच्या खाटेशीच होते, रक्त घ्यायला गेलेली, अंगावर तो पांढरा पोशाख. बाबांनी आकडा ऐकला. मग म्हणाले, त्याला फोन दे. मला आश्चर्य वाटलं. हे दोघं भाऊ आयुष्यात एकमेकांशी फोनवर बोलले नव्हते. एका घरात राहणाऱ्यांना फोन कशाला लागतो? मी फोन मोठ्या आवाजावर लावून काकाच्या कानाशी धरला. काकाच्या नाकात नळी होती, तो उशीला टेकून बसला होता.

पलीकडे आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग बाबांनी काकाला त्याच्या नावानं हाक मारली. खऱ्या, पूर्ण, बारशाला ठेवलेल्या नावानं. बाबांच्या तोंडून ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

काकानं आधी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग फोनकडे तोंड करून अदबीनं विचारलं,

"कोन पाहिजे जी?"

"तूच पाहिजे, बे," बाबा म्हणाले. "मले तूच पाहिजे."